खांब एकोणचाळीस

"नंबर पुकारला की हसायचं नाही, टेगन. आधी गाडीपाशी जाऊन बघायचं. मग काय हसायचं ते हस."

माझ्या थोरल्या बहिणीला हे तिच्या होणाऱ्या सासूने सांगितलं होतं. नोरीनने. टेगन तोंडावरच हसली होती. घरी येऊन तिने मला सासूची नक्कल करून दाखवली, तेव्हा मीही पोट धरून हसले.

आता आम्ही दोघी हसत नाही.

पुढचं सगळं घडलेलं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, माझा आग्रह नाही. फक्त शेवटी एक काम सांगणार आहे. तेवढं करा.

आणि यात रात्र शोधू नका. अमावास्या नाही, वारा नाही, कुत्र्यांचं रडणं नाही. भर दुपार आहे. इकडे जानेवारीत ऐन उन्हाळा असतो, त्यातला शनिवार. जागा, वेराबिन गावाबाहेरचं बंद पडलेलं ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसून सिनेमा बघायचं मैदान.

वेराबिन म्हणजे गव्हाच्या शेतात कुणाच्या तरी खिशातून सांडलेलं गाव. टेगन कॉलेज करून, लग्न होऊन तिथे गेली आणि पहिल्या आठवड्यातच तिला कळलं, की या गावाला अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट आहे आणि तीही बंद पडत आलीये.

साठच्या दशकात गव्हाने हात दिला तेव्हा होलमन नावाच्या कुटुंबाने माळावर भलामोठा पांढरा पडदा उभा केला. समोर खांबांच्या रांगा. प्रत्येक खांबाला नंबर आणि स्पीकर. गाडी खांबाला लागून उभी करायची, काच वीतभर खाली घ्यायची, स्पीकर काचेच्या कडेला अडकवायचा. पोरांना घरूनच झोपायचे कपडे घालून आणायचं. ती मागच्या सीटवर झोपली, की आईबाप कँटीनपुढच्या खुर्च्यांवर गप्पा छाटायला मोकळे.

आणि पोरांकडे कोण बघणार?

आयडा.

आयडा ट्रेगेंझा. कँटीनमध्ये चहा देणारी, एकटी राहणारी बाई. सिनेमा सुरू झाला की ती एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातावर चौकड्यांचं ब्लँकेट घेऊन सगळ्या रांगांतून फिरायची. प्रत्येक काचेतून आत डोकावायची. एखादं मूल उठलेलं दिसलं, की परत येऊन कँटीनमधल्या माईकवर बोलायची. मग हिरो-हिरॉइन जवळ आले असोत नाहीतर पिस्तूल रोखलेलं असो, सगळ्या स्पीकरमधून तिचा सपाट आवाज...

"खांब बारा. गाडीत बाळ रडतंय."

लोक चिडून हॉर्न वाजवायचे. पोरंटोरं तिला टॉर्चवाली हडळ म्हणायची. गावाची कृतज्ञता ही अशी.

पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले, मग कॅसेटी आल्या. गाव सोफ्यावर आडवं झालं ते उठलंच नाही. सिनेमा दाखवायचं नवीन यंत्र घ्यायची वेळ आली तेव्हा होलमनच्या मुलाने कुलूप लावलं. वीज तोडली. तांब्यासाठी चोरांनी जमिनीखालच्या तारासुद्धा उपसून नेल्या.

आणि मग... मग गावाने 'ड्राइव्ह-इन वाचवा' समिती काढली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. समितीची म्होरकी ग्लेनिस सह्या मागत टेगनच्या दारात आली.

"शेवटचा सिनेमा कधी बघितलात तिथे?" टेगनने विचारलं.

"अगं, तारखा कोण लक्षात ठेवतं."

"साल तरी?"

"तू बाहेरची आहेस, राणी. तुला नाही कळायचं."

त्याच हिवाळ्यात आयडा गेली. घरात, एकटी. दारची पत्रपेटी जाहिरातींच्या कागदांनी ओसंडून वाहायला लागली, कागद रस्त्यावर उडायला लागले, तेव्हा कुणाला तरी वाटलं की बघावं. जन्मभर दुसऱ्यांची पोरं बघत फिरलेल्या बाईकडे बघायला एक माणूस फिरकला नव्हता. समितीने मात्र तिचा मोठा फोटो करून आणला. खाली लिहिलं, 'आमची आयडा'.

टेगन म्हणाली, "या गावात माणसाने आधी मरावं. मग आपलं म्हणतात."

जमीन एका सुपरमार्केटवाल्याने घेतली. पाडायच्या आधी उरल्यासुरल्या सामानाचा लिलाव ठेवला. तो हा शनिवार. पारा बेचाळीसच्या पुढे.

टेगनला जायचं नव्हतं. नवरा लॅकलन म्हणाला, "आईला बरं वाटेल." म्हणून सॉसेज रोलचा डबा घेऊन ती निघाली. त्यांचा आठ महिन्यांचा आर्ची मागे त्याच्या सीटमध्ये झोपला होता. कँटीनपर्यंत डबा न्यायचा म्हणून टेगन फाटकाशीच उतरली.

"आर्चीला घेऊन ये," ती म्हणाली.

"आणतो गं. तू हो पुढे."

माझी बहीण कशी आहे ते सांगते. बाळ झोपलं तरी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघणारी. जगात फक्त आपल्यालाच काळजी घेता येते, अशी तिची खात्री.

डबा आत देऊन, तिथल्या बायकांना हातभार लावून अर्ध्या तासाने ती कँटीनपुढच्या छपराखाली आली. तिथे नोरीन बसली होती आणि शेजारी बाबागाडी. बाबागाडीवर पातळ सुती कापड टाकलेलं. नोरीन सकाळीच स्वतःच्या गाडीतून ती घेऊन आली होती.

टेगनने ओठांवर बोट ठेवलं. नोरीननेही मान हलवली.

टेगन बाबागाडीला पाठ लावून उभी राहिली. धूळ उडाली की हाताने कापडावर वारा घालायची. कुणी मोठ्याने बोललं तर डोळे वटारायची. समोर गाव गळे काढत होतं.

"आमचं लग्न याच रांगेत जमलं."

"आणि मोडलं मागच्या रांगेत."

"हा स्पीकर मी दिवाणखान्यात लावणार. दिवा करीन त्याचा."

कुणी डोळे पुसत होतं, कुणी पुसतापुसता बोली लावत होतं. टेगनला किळस आली. एवढं प्रेम होतं तर तिकिटं का नाही काढली? आयडाचं दार का नाही वाजवलं?

तेवढ्यात...

खर्र...

माळावरच्या सगळ्या गंजक्या स्पीकरमधून एकदम तो आवाज आला.

"खांब एकोणचाळीस. गाडीत बाळ रडतंय."



मग टाळ्या पडल्या.

"अरे वा, आयडा. आपली आयडा."

"समितीने टेप जपून ठेवली होती बघा. ऐकून काटा आला."

ग्लेनिसने छातीवर हात ठेवला. एकाने डोक्यावरची टोपी काढली. नोरीन मात्र खुर्चीच्या कडेला आली.

"टेगन," ती हळूच म्हणाली, "कुणीतरी जाऊन बघायला हवं."

"मेलेल्या बाईच्या आवाजावर भंगार विकतायत, नोरीन. कुठे बघायला जाता?"

लिलाव पुढे सुरू झाला. थोड्या वेळाने पुन्हा...

"खांब एकोणचाळीस. गाडीत बाळ रडतंय."

या वेळी लोक हसले. एकाने जुन्या सवयीने हॉर्न वाजवला. दोनशे माणसं होती तिथे. प्रत्येकाने ऐकलं. एकही जागचा हलला नाही.

टेगनही नाही. तिच्या पाठीला बाबागाडी टेकलेली होती. तिचं बाळ तिच्याजवळ होतं.

मग खुर्च्या विकल्या गेल्या, पाट्या विकल्या गेल्या.

आणि मग... त्याच आवाजात, पण जवळून. कानाशी बोलल्यासारखं.

"खांब एकोणचाळीस. बाळ आता रडत नाहीये."

कुणीतरी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

टेगन वळली. का वळली, ते तिला आजही सांगता येत नाही. तिने कापड उचललं.

आत घडी घातलेली दुपटी होती. बाकी काही नाही.

"आर्ची कुठाय?"

"म्हणजे?" नोरीन उठली. "मला वाटलं लॅकलनकडे आहे. तू बोट ठेवलंस, मला वाटलं लिलाव ऐकायचाय."

लॅकलन लांब ट्रकपाशी होता. गाडी लावताच मित्रांनी त्याला जुनं यंत्र उचलायला हाक मारली होती. बाळ झोपलं होतं. त्याने लांबून आईला हात केला, गाडीकडे बोट दाखवलं. आईने हात हलवला. त्याला वाटलं, आई घेऊन जाईल. आईला वाटलं, पोरगा हाय म्हणतोय.

टेगन धावत सुटली. गाडी कुठे लावलीय ते तिला माहीत नव्हतं. खांबांवरचे आकडे उन्हाने उडालेले. सव्वीस... मग नुसता गंज... एकतीस...

एकोणचाळीस.

त्यांची पांढरी गाडी.

दारं बंद होती, कुलूप होतं. किल्ली लॅकलनच्या खिशात. पण मागची काच वीतभर खाली होती. किल्लीशिवाय जी हलतच नाही, ती काच. तिच्या कडेला एक स्पीकर अडकवलेला. त्याची तार हातभर लोंबत होती. टोकाला तुटलेली.

आणि उन्हाच्या बाजूच्या काचेवर आतून चौकड्यांचं ब्लँकेट लावलेलं.

आर्ची झोपला होता. गाल ओले होते, रडून रडून. टेगनने फटीतून हात घालून बोट त्याच्या नाकाखाली धरलं...

श्वास होता.

लॅकलनने येऊन दार उघडलं. बाळाचे पाय गार होते. अॅम्ब्युलन्सवाल्या बाईने दोनदा ताप मोजला.

"हे मूल तासभर या गाडीत होतं, असं मला सांगू नका," ती म्हणाली.

"होतं."

"मग ते जिवंत नसतं, बाई."

समितीला विचारलं. टेप कुणाकडेच नव्हती. लिलाववाल्याकडे हातातला एक भोंगा होता, तोही त्याने वाजवला नव्हता. माळावर वीज नव्हती, तारा नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून गाव म्हणू लागलं, की आम्ही तर लगेच धावलो होतो. टेगन कुणाचं खोडत बसली नाही. त्या लोकांवर शब्द वाया घालवायचं तिने सोडलं होतं.

ब्लँकेट सोमवारपर्यंत टेगनच्या घरी खुर्चीवर होतं. मग नव्हतं.

स्पीकर मात्र राहिला. आज ड्राइव्ह-इनच्या जागी सुपरमार्केट आहे आणि पुढे गाड्यांसाठी मोकळी जागा. स्पीकर टेगनच्या शेडमध्ये खिळ्याला लटकतो. फेकायची तिची छाती होत नाही. कारण कडक उन्हाच्या दिवशी तो बोलतो.

पहिल्यांदा बोलला तेव्हा तिने सुपरमार्केटला फोन लावला. मॅनेजर हसला. दुसऱ्यांदा त्याने कंटाळून एक पोरगी बाहेर पाठवली. काय सापडलं ते त्याने कधी सांगितलं नाही. पण आता टेगनचा फोन तो पहिल्या घंटेला उचलतो.

हे सगळं मी आजवर ऐकून होते. काल स्वतः ऐकलं.

मी माझ्या लेकीला घेऊन टेगनकडे आले आहे. दुपारी शेडच्या दारात उभी होते. लेक माझ्या कडेवर. खर्र... झालं आणि मी आधी तिला घट्ट धरलं.

मग आकडा आला.

टेगनने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"वेराबिनला इतके खांब कधीच नव्हते," ती म्हणाली.

सुपरमार्केटपुढेही इतक्या गाड्या मावत नाहीत. तो आकडा इथला नाहीच. कुठला आहे, ते आम्हाला कळत नाही. रात्रभर झोप नाही. आज सकाळी तो पुन्हा बोलला. तोच आकडा, तेच वाक्य.

दोनदा झालंय.

म्हणून हे घाईने लिहितेय. तुमची गाडी आत्ता कुठे उभी आहे? मूल कुणाकडे आहे? 'त्याच्याकडे असेल', 'आजीकडे असेल' म्हणू नका. बाबागाडीवरचं कापड बाहेरून बघून परत फिरू नका.

उठा. जाऊन मागच्या सीटवर बघा.

आयडा तिसऱ्यांदा बोलायच्या आत.