सहाव्या टाकीचा उपास

सांडपाण्याच्या टाक्यांतून भरलेल्या काचेच्या सहाही बाटल्या आता जांभळ्या झाल्या होत्या. डॉ. वैजयंती हुक्केरींनी सहावी बाटली खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा पाहिली. महिन्यापूर्वी या टाकीचं पाणी नितळ होतं. बाकीच्या पाच टाक्या मात्र पहिल्यापासूनच जांभळ्या रंगावर हटून बसल्या होत्या. अकरा वर्षं खपून वैजयंतींनी कापडाचा रंग खाणारे जीवाणू घडवले होते. यंत्रमागांच्या या गावात वर्षभर त्या जीवाणूंची परीक्षा चालू होती. तीन आठवड्यांनी समिती येणार होती, आणि एकही टाकी नितळ दिसली नाही तर प्रकल्पाला कायमचं टाळं लागणार होतं.

"पाच टाक्यांचं कोडं सोपं आहे," त्यांचे सहकारी डॉ. अन्वर शिकलगार म्हणाले. "सांडपाण्यात रंगाबरोबर सुताची कांजी येते. कांजी म्हणजे शेवटी साखरच. जीवाणूंच्या जनुकांना काय खायचं ते ठरवणारी एक निवडकळ असते. साखर आहे तोवर रंग पचवणारी जनुकं बंद. श्रीखंड समोर असताना कारल्याला कोण हात लावतो?"

"मग सहावी इतके दिवस शहाण्यासारखी का वागली? आणि आताच तिला काय धाड भरली?"

उपकरणांवरून काही उलगडेना, तेव्हा टाक्यांची देखरेख करणाऱ्या दत्तोबा लोहारांना बोलावणं गेलं. साठीला टेकलेले दत्तोबा दारातच घुटमळले.

"खरं सांगा दत्तोबा, सहाव्या टाकीत काही टाकत होतात?"

"टाकत न्हवतो मॅडम. बंद करत हुतो. एकादशीला."

"काय बंद?"

"सांडपान्याचा व्हॉल्व्ह. हातानं फिरवायचा तेवढा योकच हुता. म्हटलं, आपला उपास, अन् ही पोरं दिवसभर हादडत बसल्याली, बरं न्हाई दिसत. दुसऱ्या दिवशी सोडायचो."

शिकलगारांना हसू आवरेना. वैजयंतींचा मात्र पारा चढला. नियमावली त्यांनीच लिहिली होती आणि तिचं पहिलंच कलम होतं की जीवाणूंना क्षणभरही उपाशी ठेवू नये. दत्तोबांना झापायला त्यांनी तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं.

"अन्वर, आवक थांबली की कांजी दोन-तीन तासांत संपते. उरतो फक्त रंग. ज्यांची कळ धड आहे, ते ती फिरवेपर्यंत उपासमारीनं मरतात. काहींची कळ जन्मतःच मोडकी असते. ते आधीपासूनच दोन्ही खात असतात. उपासाला तेच तगतात!"

"आणि वर्षभर दर पंधरवड्याला हेच," शिकलगार ताडकन उठले. "टाकीभर मोडक्या कळवाल्यांचीच प्रजा झाली. पण मग बिघडलं कुठे?"

"रोज पोटभर मिळालं की रंगाची जनुकं चालवणं हा नुसता भार. मग धड कळवाले भराभर वाढून वरचढ होतात." त्या दत्तोबांकडे वळल्या. "उपास का थांबवलात?"

"म्या कशाला थांबवीन? गेल्या महिन्यात तुमीच तितं ते आपोआप चालनारं यंत्र बसवलं की. ते हात लावू देत न्हाई."

वैजयंतींना मनापासून लाज वाटली. आपल्या जीवाणूंना कधी काही कमी पडू दिलं नाही, हे त्या भाषणांतून अभिमानानं सांगत आल्या होत्या. त्याच मायेनं घात केला होता. दुपारी त्यांनी पाना मागवला आणि ते यंत्र स्वतःच्या हातांनी उतरवलं.

तीन आठवड्यांत दोन एकादशा झाल्या. समितीपुढे सहावी बाटली आली तेव्हा तिच्यातून पलीकडची अक्षरं वाचता येत होती. अध्यक्षांनी ती फिरवून फिरवून पाहिली.

"उपास किती वेळचा ठेवायचा, हे कुठल्या सूत्रानं काढलंत?"

वैजयंती उठल्या आणि आपली खुर्ची त्यांनी दत्तोबांना दिली. "सूत्र यांचं आहे. यांनाच विचारा."

दत्तोबा खुर्चीच्या कडेवर कसेबसे टेकले. "सूत्र कसलं सायेब? बारशीला सकाळी उपास सोडायच्या येळंला मला कडकडून भूक लागायची. तवा त्यांचीबी आठवन यायची."

अध्यक्षांनी ते जसंच्या तसं टिपून घेतलं आणि प्रकल्पाला टाळं ठोकायचा कागद सही न करताच फाइलीत परत सरकवला.