नोंदवहीबाहेरचा ठोकळा

गुरुवारी सकाळी इन्शिराहने सहा ठोकळे फोडले आणि सहाच्या सहा पास झाले, म्हणून ती जाम खुशीत होती.

दुमियातमध्ये, नाईलच्या काठाजवळ, फर्निचरवाल्यांच्या गल्लीमागे ती काँक्रीट तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. खिडकी उघडली की व्हार्निशचा वास, बंद केली की ओल्या सिमेंटचा. इन्शिराह तिथे लागून आठ महिने झाले होते. काम सरळ. बांधकामावर काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं लोखंडी साच्यात भरायचं, तो ठोकळा अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचा, मग यंत्राखाली दाबून फोडायचा. यंत्राच्या काट्यावर ताकद तीस किंवा जास्त भरली की पास.

आजचे ठोकळे मुलींच्या शाळेचे. उन्हाळी सुट्टीत तळमजल्याचे आठ खांब नव्याने ओतले होते. शनिवारी शाळा उघडणार, चारशे मुली येणार. तेवढी इन्शिराहची सही झाली की झालं!

"बिशाराकाका, संपले ना?"

म्हातारा टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होता. एकतीस वर्षं तो याच टाकीत हात घालत आला होता. त्याने सातवा ठोकळा उचलून टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"मी सहाच टाकले होते," काका म्हणाला.

"मग काय, ठोकळ्यांना पिल्लू झालं?"

काकाने ठोकळा तिच्याकडे वळवला.

ठोकळ्यावर लाल रंगात लिहिलं होतं: शाळा, खांब सात. महिनाभर पाण्यात असल्यासारखा तो बुळबुळीत होता, पण रंग तिच्या बोटाला लागला. टाकीतलं पाणी गार होतं आणि ठोकळा कोमट. ताजं काँक्रीट गरम असतं, हे तिला ठाऊक होतं. पण ताजं काँक्रीट एवढं घट्ट नसतं.

तिने भराभर शक्यता मोजल्या. दुसऱ्या साइटचा असेल. नोंद राहिली असेल. कुणी थट्टा केली असेल. तिन्ही तपासल्या, तिन्ही खोट्या निघाल्या. मग तिने तो यंत्राखाली ठेवला.

एरवी ठोकळा फुटताना कानठळ्या बसायच्या. हा ओल्या पावासारखा दबला. काटा तीनवर थांबला. तीस नाही. तीन.

तासाभरात शाळेचा कंत्राटदार हाजी मितवल्ली मशब्बकचा खोका घेऊन आला. जिलबीसारखी ती जाळीदार मिठाई त्याने तिच्यासमोर सरकवली. "तोंड गोड करा, बाशमुहंदिसा!" तिथे पंक्चर काढणाऱ्यालाही बाशमुहंदिस, म्हणजे मोठे इंजिनीअर, म्हणतात. तरी इन्शिराहला दरवेळी आवडायचंच.

तिने तीनचा आकडा टिपलेला कच्चा कागद दाखवला. हाजीने चष्मा चढवला, उतरवला.

"तुमचाच नियम आहे ना, नोंद नाही तो नमुना नाही? फेकून द्या."

नियम तोच होता. हाजीचं बरोबर होतं, आणि तेच तिला खटकत होतं.

"नाहीतर," हाजीने आवाज उतरवला, "पुढे एक ठिपका द्या." अरबीत शून्य गोल नसतो, नुसता ठिपका असतो. तीनपुढे पेन टेकवलं की झाले तीस. "माशी बसली तरी पडतो हो तेवढा!"

"माझं पेन जड आहे, हाजी. ठिपका टेकवला तर तीन मजले खाली येतील."

"माझी नात तिथे तिसरीत आहे! तिच्या डोक्यावर मी चिखल थापेन?"

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं.

"हा ठोकळा कुठून आला, मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण ते माझं अडाणीपण. ते मुलींच्या डोक्यावर का ठेवायचं? चला, खांबालाच विचारू."

"विचारा की! माझं काँक्रीट बहिरं नाही."

शाळेत भर दुपारची शांतता होती. नवा पिवळा रंग, भिंतीला एकावर एक रचलेले बाक, बंद खिडक्या. सातवा खांब गुळगुळीत. कुठे चीर नाही, डाग नाही. बिशाराकाकाने त्यात चार बोटं रुंद भोक पाडायला घेतलं. भोक पाडायचं यंत्र घरघरलं, पांढरी भुकटी पडली, आणि एकाएकी ते सुसाट आत गेलं.

आत पोकळ होतं.

इन्शिराहने बॅटरी मारली. सळ्यांच्या पिंजऱ्याच्या बरोबर मधे एक चौकोनी खोबण. कोपरे धारदार. कडांना साच्याला आतून लावतात त्या तेलासारखी चकाकी. तिने पोलादी पट्टी घालून मोजलं. तिन्ही बाजूंनी पंधरा सेंटीमीटर, ठोकळ्याचं नेमकं माप.

"ठोकळा काढला कुणी?" हाजी पुटपुटला. "वरून गिलावा आहे. सळ्यांतून माझी मूठसुद्धा जात नाही."

काकाने यंत्राची वायर काढली.

"शनिवारी शाळा उघडत नाही," इन्शिराह म्हणाली. बाकावर निकालाचा कागद ठेवून तिने तीन लिहिलं, नापास लिहिलं, सही ठोकली. हाजीने मान हलवली. "खांब मी पाडतो," तो म्हणाला. "माझ्या खर्चाने."

कागद उचलताना त्याची कड भोकासमोरून गेली आणि बाहेर उडाली.

मग आत ओढली गेली.

मग बाहेर.

इन्शिराहने कागदाची बारीक पट्टी फाडली, भोकासमोर धरली आणि घड्याळाकडे बघत मोजलं. मिनिटाला सोळा, मोठ्या माणसाच्या श्वासाइतकेच. पुन्हा मोजलं. सोळाच. तिने तो आकडा सहीखाली नीट लिहून ठेवला.

आठव्या खांबाला भोक पाडायला काका तयार होईना. मग तिने नुसता तळहात टेकवला आणि मोजायला सुरुवात केली.

तिथे श्वास बराच जलद चालला होता, लहान मुलांचा चालतो तसा.