मुनारा नंबर सदतीस

त्या दिवशी मी एक खांब आणायला निघालो होतो, एवढंच.

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांतला मी नव्हे. अमरावतीच्या कॉलेजात आम्ही चार मित्रांनी असल्या समजुतींवर तुटून पडणारं एक हस्तलिखित मासिक चालवलं होतं, आणि त्यातले सगळ्यांत तावातावाचे लेख माझे असत. बी. ए. झाल्यावर मी नोकरी घेतली नाही. माझे वडील अकोटच्या बाजारात वांगी आणि शेवंतीची फुलं विकत. ते म्हणाले, "शिकून सवरून जंगलात चालला? काहून?" मी म्हणालो, तिथं शाळा काढतो. अडतीस साल होतं. प्रांतात आपलं मंत्रिमंडळ आलं होतं, आणि दोन वर्षांत सगळं नीट होईल अशी माझी खात्री होती.

अकोटच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. घाट चढून वर गेलं की कोरकूंची एक वस्ती लागते, कोहाढाणा. वीस-बावीस घरं. गावाच्या माथ्यावरून सरकारी जंगलाची हद्द जाते. दोन पिढ्यांमागे मोजणीवाले आले, त्यांनी साखळी ओढली, जागोजागी दगडांचे मुनारे रचले, त्यांना चुना फासला आणि नंबर घातले. घरं अलीकडे राहिली. साग, मोह आणि मासे धरायचा डोह पलीकडे गेले. त्या हद्दीला सगळे 'लाईन' म्हणतात. माझ्या शाळेशेजारी राहणारी म्हातारी सोमती एकदा म्हणाली, "माह्या सासऱ्यानं लावेल आंबा लाईनीच्या तिकडं हाय, मास्तर. मोहर आला का आमी इकडून वास घेतो. वासाले पास लागत नाही."

कोरकूंत माणूस गेला की त्याच्यासाठी सागाचा खांब कोरून पुरतात. त्यावर चंद्र, सूर्य आणि घोड्यावर बसलेला माणूस. त्याला मुंडा म्हणतात. मुंडा उभा राहिला की मेलेला माणूस वाडवडिलांत जाऊन बसतो. तोवर तो बाहेरच. सोमतीचा नवरा सात वर्षांपूर्वी आपल्या बापाच्या मुंड्यासाठी साग तोडायला लाईनीपलीकडे गेला आणि पकडला गेला. सहा महिन्यांची सजा झाली. खाली मैदानात कुठल्याशा तुरुंगात तो तापानं गेला. देहसुद्धा परत आला नाही. आता त्याच्या मुंड्याला साग हवा, आणि साग पुन्हा पलीकडेच.

सात वर्षं सोमती रोज दिवेलागणीला दाराबाहेर कुटकीच्या भाताची मूठ ठेवत होती.

"थो येते," ती म्हणाली. "पन दारातून आत नाही येत. मी मेली तं त्याले कोन वळखन, मास्तर?" आणि बराच वेळ खोकत राहिली.

माझं डोकं तापलं. त्याच दिवशी मी एका सागाच्या परवान्यासाठी अर्ज लिहायला बसलो.

"नवऱ्याचं नाव?"

म्हातारी पदराआड हसली. "मी कशी सांगू? सांजच्याले भुराले पुसा."

भुरा तिचा धाकटा दीर. तो गुरांमागे गेला होता, बाकी गाव शेतात होतं, आणि रेंजर साहेब दुपारी बाराला पुढच्या मुक्कामाला निघणार होते. संध्याकाळपर्यंत थांबायचं? नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका, तारखा देणारे साहेब, सगळ्यांचा मला तेव्हा सारखाच राग येई. नावाच्या रकान्यात मी 'मयत' लिहिलं आणि पळत सुटलो.

चार महिन्यांनी परवाना आला. 'अर्जदार सोमती, नवरा मयत. साग नग एक.' मुदत पौषातल्या एका दिवसाच्या सूर्यास्तापर्यंत.

त्या सकाळी धुई इतकी दाट होती की हात लांब केला तर बोटं फिकट दिसत. भुरानं दोन दिवस झाडापाशीच बसून मुंडा कोरला होता. पुरुषभर उंच, ओल्या लाकडाचा, चांगला जड. पुढचं टोक मी खांद्यावर घेतलं, मागचं त्यानं.

"मास्तर, एक ध्यानात ठेवा. गावात जाईपर्यंत याले भुईवर टेकवू नका. टेकला का थो तिथंच बसन. मंग कोनाच्या बापाले उठनार नाही."

"मासिकात लिहितो हे," मी म्हणालो.

"लिवा. पन खांद्यावर घेऊन लिवा."

निम्म्या वाटेवर भुराच्या लक्षात आलं की कुऱ्हाड मागेच राहिली. लाईनीपलीकडे बेवारस कुऱ्हाड सापडली म्हणजे नवा खटला. आम्ही मुंडा सालईच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात आडवा ठेवला, आणि भुरा माघारी पळाला. "आलोच," तो म्हणाला. दोन पावलांत धुईनं त्याला गिळलं.

मी थांबलो. सगळीकडे पाणी ठिबकत होतं. पाखरू बोलत नव्हतं. बराच वेळ गेला, आणि थांबणं मला कधीच जमलेलं नाही. मी पुढचं टोक खांद्यावर घेऊन नुसतं उचलून पाहिलं, आणि त्याच क्षणी मागचं टोकही उचललं गेलं.

"लवकर आलास," मी म्हणालो.

"चाला," मागून आवाज आला. बसलेला, थकलेला.

आम्ही चालू लागलो. मुंडा आता हलका वाटत होता. थोड्या वेळानं मला वास आला. जंगलात कधी न येणारा वास. फिनेलचा... आणि ओल्या कांबळ्याचा.

"पांढऱ्या कानाची शेळी व्याली का?" त्यानं विचारलं.

"तुलाच ठाऊक. तुझ्याच गोठ्यात आहे ना?"

मग तो म्हणाला, "तिचा खोकला कसा हाय?"

"शेळीचा?"

"नाही... घरच्या मानसाचा."

माझ्या पायांखाली सागाची पानं चुरचुरत होती. मी कान दिला. मागे पानं वाजत नव्हती. खांद्यावर वजन होतं, मानेवर कुणाचा तरी गार श्वास होता, आणि एकही पान वाजत नव्हतं.

मान वळवावी असं मला वाटलं, आणि मी वळवली नाही. मी घाबरलो होतो, ते लपवत नाही. पण का कोण जाणे, त्या माणसाकडे टक लावून पाहणं मला उद्धटपणाचं वाटलं.

"खोकला आहे," मी म्हणालो. "रात्री वाढतो. पण जेवते. रोज एक मूठ बाहेर ठेवते."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मीठ कमी टाकते."

धुईतून पांढरं काहीतरी पुढे आलं. चुन्याचा मुनारा, नंबर सदतीस. लाईनीवरची झाडं दर वर्षी कापतात, त्यामुळे तिथल्या सागाच्या खुंटांना कोवळे कोंभ फुटलेले असतात. त्या कोंभांपाशी मुंडा मागून धरल्यासारखा थांबला.

"लाईन आली, मास्तर."

"माझ्याजवळ पास आहे."

"वाचा."

एका हातानं खिशातला कागद काढून मी वाचला. साग नग एक. अर्जदार सोमती. नवरा...

"माहं नाव काय लिवलं?"

त्या 'मयत'वर माझा अंगठा आला.

"मागच्या बारीले बी मी बिना पासाचाच आलतो," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "बिना नावाचा कसा येऊ? पुन्हा धरतीन."

मुंडा जड होऊ लागला. आधी ओल्या लाकडाइतका, मग दगडाइतका. माझे गुडघे वाकले. पुढचं टोक झुकून जमिनीपासून वीतभर राहिलं. टेकवलं असतं तर मी सुटलो असतो, आणि तो कायमचा तिथंच बसला असता, सदतीस नंबरपाशी, आपल्या घराचा धूर दिसेल इतक्या अंतरावर. ते माझ्यामुळे झालं असतं. एक संध्याकाळ थांबलो नाही म्हणून.

"नाव सांगा," मी म्हणालो. "मी लिहितो... आत्ता लिहितो."

"तिनं नाही सांगतलं?"

"ती कशी सांगेल?"

मागून बारीक हसू आलं. "हो. थे नाही सांगनार." मग अगदी जवळून, कानाशी, तो म्हणाला, "बिसू. बिसू कासदेकर."

खांब मानेनं तोलून, कागद मांडीवर दाबून मी पेन्सिलीनं 'मयत' खोडलं आणि वर नाव लिहिलं. सरकारी कागदात खाडाखोड हा गुन्हा आहे, हे मला माहीत होतं.

"अन् अंगठा? कागदाले अंगठा लागते."

मी कागद खांद्यावरून मागे धरला. कोंभाचं एक पान तुटल्याचा आवाज झाला. कुणीतरी ते तळहातावर चुरलं; सागाचं कोवळं पान चुरलं की हात लाल होतो. मग कागद बोटांतून हलकेच गेला, आणि हलकेच परत आला.

मुंडा उचलला गेला. इतका वर, की माझे पाय सरळ झाले. आम्ही लाईन ओलांडली.

गावाच्या तोंडाशी सोमती तांब्या घेऊन उभी होती. मी हळूच म्हणालो, "बिसूला आणलं."

हे नाव मला गावात कुणीच सांगितलेलं नव्हतं. तिनं ओठांवर हात ठेवला. मग माझ्या मागे पाहिलं आणि झटकन पदर कपाळापर्यंत ओढला, नवी नवरी ओढते तसा. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं. मग मुंड्याच्या मागच्या टोकाशी गेली, वाकली, आणि रिकाम्या जमिनीवर उरलेलं पाणी घातलं, हळूहळू, आधी एका ठिकाणी, मग त्याच्या शेजारी. कोरकूत काहीतरी पुटपुटली. रागावल्यासारखी. सात वर्षं उशीर केलेल्या माणसावर रागवावं तशी.

घटकाभरानं भुरा धापा टाकत आला. "मास्तर! एकट्यानं? कसा काय?"

त्या दुपारी मुंडा उभा राहिला. सूर्यास्ताला जंगलचे नाकेदार खुशालराव परवाना परत घ्यायला आले. त्यांनी कागद उलगडला.

"हे नाव कोनं लिवलं?"

"मी."

"अन् हा अंगठा?"

लालभडक ठसा होता, आणि मधोमध एक पांढरी आडवी रेघ. खुशालराव खाली बसले. "पंचनाम्यावर याचा अंगठा मीच घेतला होता," ते म्हणाले. "कुऱ्हाडीचा घाव होता मधात. हाच..." त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात कोंबली. "पास हरवला. समजलं का, मास्तर? हरवला."

सागाच्या पानाचा रंग दोन दिवसांत तपकिरी पडतो. शाळेतल्या कुठल्याही पोराला विचारा. हा कागद तीन वर्षं माझ्या पेटीत आहे. अजून बोट लावलं की बोट लाल होतं.

मला त्याची सवय झाली होती. चार दिवसांपूर्वी मी अकोटला घरी आलो. निघताना सोमती दारात बसून शेंगा सोलत होती, बरी होती. आज पहाटे पेटी उघडली तेव्हा बिसूच्या अंगठ्याशेजारी दुसरा ठसा होता. लहान, बाईमाणसाचा. ओला.

डोंगरावरून अजून कुणी निरोप घेऊन आलेलं नाही. तिच्या मुंड्याच्या सागासाठी मी नवा अर्ज लिहून ठेवला आहे. आधी नाव लिहिलं, पूर्ण, मग बाकीचं. धुई विरायची वाट न पाहता निघतो आहे. मुनाऱ्यापाशी तिला फार वेळ थांबावं लागू नये.