स्पेक्यारोसाचं शेवटचं ऑलिव्ह

पान्तालेओने हात पुढे केला, पण हाताला काहीच लागलं नाही.

रोज सकाळी तो दगडी बांध उतरून सरळ चालत जायचा, हात पुढे करायचा आणि तळव्याला झाडाचं खोड लागायचं. मोतीबिंदूने त्याला नुसता उजेड आणि सावली कळायची, पण झाडापाशी जायला त्याला डोळ्यांची गरज नव्हती. त्या दिवशी त्याने आणखी एक पाऊल टाकलं आणि आडव्या पडलेल्या लाकडाला अडखळून तो तोंडावर आपटला.

त्याची किंकाळी रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

ओर्नेल्ला स्पेदिकातो पोचली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या बुंध्याभोवती बसल्या होत्या, डोक्यावर काळे रुमाल ओढून, घरात मयत झाल्यासारख्या. ओर्नेल्ला पोलीस ठाण्याची प्रमुख होती. झाड कापल्याची तक्रार मोठ्या शहरात कुणी हसण्यावारी नेली असती. इथे कुणी हसलं नाही. काही वर्षांत रोगाने इटलीच्या दक्षिण टोकाची, सालेंतोची, ऑलिव्हं संपवली होती. तांबड्या मातीत समुद्रापर्यंत करडे सांगाडे उभे होते. स्पेक्यारोसा गावात एकच झाड हिरवं राहिलं होतं, पान्तालेओचं. चर्चच्या आधीचं. गुरुवारी बारी शहरातून शास्त्रज्ञ त्याच्या फांद्या न्यायला येणार होते, कलमं करायला. या एका झाडातून सगळं शिवार पुन्हा उभं राहील, असं लोक बोलत होते.

खोड पोकळ होतं आणि कमरेएवढ्या उंचीवर त्याचे दोन भाग होत होते. तिथेच दोन्ही कापले होते. मशीनच्या करवतीने, सरळ.

"कधी कापलं असेल?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळी," पान्तालेओची मुलगी वीता म्हणाली. चाळिशीची, सडसडीत, लग्न न करता बापापाशी राहिलेली. "उत्सवाचे फटाके चालू होते, मॅडम. सगळं गाव चौकात. करवतीचा आवाज कुणाला येणार?"

"तू कुठे होतीस?"

"बाबांना चौकात खुर्चीवर बसवलं आणि मग बायकांबरोबर गर्दीत होते."

"झाडाची निगा कोण राखतं?"

"मीच. त्यांना दिसत नाही ना. छाटणी मीच करते."

पान्तालेओ बुंध्याला पाठ टेकून बसला होता. ओठातून रक्त येत होतं, पुसायला कुणाला हात लावू देत नव्हता.

"कोणी केलं ते सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "ओरोन्झोने. त्याची झाडं मेली. माझं जगलेलं त्याला बघवलं नाही."

"तुम्ही त्याला पाहिलंत, काका?"

"मी काय पाहणार, पोरी? मी त्याला ओळखतो."

ओरोन्झो बिसान्तीचं शेत बांधापलीकडे होतं. दोघं एकाच गल्लीत वाढले होते. मग ओरोन्झोने आपली मेलेली झाडं मुळासकट उपटली आणि जमीन सोलर पॅनेलवाल्यांना दिली. तेव्हापासून पान्तालेओ त्याच्याशी बोलत नव्हता.

दुपारपर्यंत ओरोन्झोच्या खिडक्या फुटल्या. पान्तालेओने भिंतीवरची शिकारीची बंदूक उतरवून स्वयंपाकघरात मांडीवर घेतली. "आंधळा आहे, पण दार वाजवलं की माणूस कुठे उभा असतो ते कळतं मला," तो वीताला म्हणाला. वीताने घाबरून ठाण्यात फोन केला.

पण तिचा फोन आला तेव्हा ओरोन्झो ओर्नेल्लासमोरच बसला होता, स्वतःहून आलेला.

"मीच कापलं," तो म्हणाला. "लिहून घ्या आणि मला कुठेतरी न्या. म्हातारा गोळी घालेल आणि म्हातारपणी तुरुंगात सडेल."

"का कापलंत?"

"मत्सर. दुसरं काय?"

"करवत कुणाची?"

"माझी. जुनी आहे."

"सुरू कशी करता?"

"दोरी ओढायची, झालं."

ओर्नेल्लाने पाण्याची सीलबंद बाटली त्याच्यापुढे सरकवली. "झाकण उघडा आणि प्या. ऊन फार आहे."

त्याने बाटली घेतली. त्याची बोटं संधिवाताने मुळांसारखी वाकली होती. झाकणावरून दोनदा घसरली. तो हसायला गेला. "तहान नाही."

"बरं. कापल्यावर काय केलंत?"

"काय करणार? तसंच टाकलं आणि निघालो."

"फांद्या?"

"तिथेच."

ओर्नेल्ला उठली. "इथेच बसा, काका. बाहेर जाऊ नका."

ती पुन्हा शेतात गेली. म्हाताऱ्या निघून गेल्या होत्या. आता तिने झाडाकडे नीट पाहिलं.

कापलेल्या तोंडावर निळसर हिरवा लेप होता. मोरचूद आणि चुना. छाटणीनंतर जखमेतून कीड शिरू नये म्हणून लावतात तो. कडेकडेने, काळजीपूर्वक लावलेला.

जाड लाकूड जागेवर पडलं होतं, पण त्याला एकही पान नव्हतं. पानांचे शेंडे तोडून बांधाच्या आडोशाला जाळले होते. राख अजून कोमट होती. मोठ्या फांद्यांच्या टोकांना जुने घाव दिसले, काही यंदाचे, काही त्याआधीचे. सगळ्यांवर तोच लेप.

राखेतून तिने एक अर्धवट जळलेली डहाळी उपसली. तिला चार पानं राहिली होती. मधोमध हिरवी, पण टोकाकडून करपत आलेली. जाळाने नव्हे. रोगाचा हा करपा तिने सगळ्या जिल्ह्यात पाहिला होता.

ती बांधावर बसली. उठावंसं वाटेना.

संध्याकाळी ती ओरोन्झोला घेऊन पान्तालेओच्या घरी गेली. आधी आत जाऊन तिने बंदुकीवर हात ठेवला.

"त्याला आणलंयस," म्हातारा म्हणाला. "पायांचा आवाज ओळखतो मी."

"आणलंय. त्याने कबुली दिली आहे आणि ती खोटी आहे. आधी ऐका, मग बंदूक मागा."

पान्तालेओने हात सैल केला. तिने काडतुसं काढून खिशात टाकली.

"ज्याचा झाडावर राग असतो तो त्याच्या जखमेला मलम लावत नाही," ती म्हणाली. "ओरोन्झोकाकांना लेपाचं माहीतच नव्हतं, जाळलेल्या पानांचंही नाही. आणि त्यांच्या बोटांनी बाटलीचं झाकण उघडत नाही. करवतीची दोरी कशी ओढतील? मग लेप कुणी लावला? ज्याला वाटत होतं की बुंध्यातून एखादा कोंब येईल, त्याने. पानं कुणी जाळली? ज्याला ती कुणाला दिसू द्यायची नव्हती, त्याने."

"पानांत काय होतं?" पान्तालेओने विचारलं.

ओर्नेल्लाने वीताकडे पाहिलं. सिंकपाशी उभ्या वीताच्या नखांच्या कडा दिवसभर धुऊनही निळ्या होत्या.

"करपली होती, बाबा," वीता म्हणाली. "दोन वर्षांपासून. करपलेला शेंडा दिसला की मी तोडायची. तुमच्या हाताला फक्त चांगली फांदी लागेल असं बघायची. गुरुवारी बारीचे लोक तपासणी करणार होते. मग रोग सापडल्यावर यंत्र आणून झाड मुळासकट काढलं असतं, तुमच्यासमोर. मला वाटलं, कुणीतरी हिरवंगार झाड मारलं असं समजून तुम्ही चिडाल. चिडून माणूस जगतो. ते रोगानेच मेलं हे कळलं तर तुम्ही जगणार नाही."

"आणि ओरोन्झोचं नाव?"

"मी घेतलं नाही. तुम्ही घेतलंत. मी गप्प बसले. खिडक्या फुटल्या तरी गप्प बसले."

"मी बघितलं होतं," ओरोन्झो दारातून म्हणाला. "गावात माझ्याशी कुणी बोलत नाही, उत्सवाला काय जायचं? शेतातच होतो. पोरगी करवत चालवत होती आणि हुंदके देत होती. तू नाहीतरी माझ्याशी बोलत नाहीस. आळ अंगावर घेतला तर आणखी काय बिघडणार होतं?"



"माझी आई गेली तेव्हा मी बेल्जियममध्ये खाणीत होतो," पान्तालेओ म्हणाला. "घरच्यांनी कळवलं नाही. पोराला धक्का बसेल म्हणे. मी नाताळला आलो तो तिच्यासाठी शाल घेऊन. दारात सांगितलं मला." त्याने चेहरा वीताच्या दिशेने वळवला. "त्यांनी माझ्या भल्यासाठीच लपवलं. तूही तेच केलंस. पण मला निरोप घेऊ द्यायचा होतास गं. आजारी आहे म्हणाली असतीस तर रोज जाऊन बसलो असतो. मरणाऱ्या माणसापाशी बसतात ना?"

वीता जमिनीवर बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्याने तिला दूर केलं नाही. जवळही घेतलं नाही.

ओर्नेल्ला बंदूक घेऊन दाराकडे निघाली. अहवाल लिहायचा होता. 

"ओरोन्झो," म्हाताऱ्याने हाक मारली. गेल्या कित्येक वर्षांतली पहिली. "तू तिथे होतास. आत ये. बस. कसं पडलं ते मला सांग."

ओरोन्झोने टोपी काढली आणि खुर्ची ओढली.

"आधी समुद्राकडची बाजू गेली," तो म्हणाला. "एकदम नाही. हळूच कलली, तुझे आजोबा खुर्चीत बसताना कलायचे तशी. आणि मग…"

"हळू सांग," पान्तालेओ म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "काही गाळू नकोस."