सत्तेचाळीसवाल्यांची हाक

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तुमच्या घरात दाराशेजारी एक काळी पाटी टांगलेली आहे. दूर गेलेल्या माणसाने तुमची आठवण काढून आपल्या यंत्राची कळ दाबली, की ही पाटी मंद उजळते आणि तिच्यावर त्याचे नाव उमटते. बोलणे नंतर, आधी हाक. म्हणून तिचे नाव हाकपाटी.

दापोलीत उर्मीच्या घरी अशी पाटी होती. गणपतीपासून तिच्यावर आईचे नाव उमटले नव्हते.

उर्मीची आई समुद्राच्या तळाशी फिरत्या खोलीत राहून प्रवाळांचा अभ्यास करायची. तिची हाक आधी आवाजाच्या लहरींवरून वर तरंगणाऱ्या बोयांपर्यंत येई आणि तिथून घरी. गणपतीत मोठे वादळ झाले आणि ती खोली कुठे वाहून गेली, ते कळेना. खोलीत हवा आणि अन्न दिवाळीपर्यंत पुरेल एवढे होते. पण खोलीकडून एकही हाक येत नाही म्हणून शोधनौका उद्या माघारी फिरणार होती. आईच्या संस्थेतून तसा निरोपच आला होता.

पाटी रिकामी होती असेही नाही. दिवसातून दोनतीनदा ती उजळायची. उर्मी धावत जायची, आणि तिथे असायचे, ‘अनोळखी हाक : ४७.३.५२.१०’. पाटी छापलेल्या पत्त्यावरूनच नाव शोधते; ते सापडले नाही तर हाक उघडत नाही, नुसता पत्ता दाखवते.

“आले बघ तुझे सत्तेचाळीसवाले काका,” सुमेधामावशी म्हणायची. “कुणाचा तरी फ्रिज असेल गं. दूध संपलं म्हणून भलत्याच घरी ओरडतोय.”

उर्मी हसायची, पण पाटी विझेपर्यंत तिथून हलायची नाही.

त्या दुपारी मावशी खिडकीशी कामाला बसली होती. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड बारकाईने वाचायचा आणि चुका दाखवायच्या, हे तिचे काम. उर्मी शेजारी पाढे लिहीत होती.

“आज कुणाच्या चुका?”

“कर्नेलच्या.”

“लष्करातला?”

“तो कर्नल! कर्नेल म्हणजे यंत्राचा गाभा. तो चालला तर बाकी सगळं चालतं. त्यातला हा एवढासा तुकडा बोयांवरून आलेल्या हाकेचा पत्ता छापतो. गणपतीच्या सुमारास तो नव्यानं लिहिला, आता त्यात दुरुस्ती आली आहे. लिहिणारा म्हणतो, ‘किरकोळ दोष, फक्त छपाईपुरता. घाई नाही.’” मावशीची नजर उर्मीच्या वहीवर गेली. “आणि हे काय? सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर केलेस की!”

“मग? सत्तेचाळीस म्हणताना सात आधीच येतो ना! जसं ऐकलं तसं लिहिलं.”

मावशीने एकदा वहीकडे, एकदा समोरच्या कोडकडे पाहिले. मग हसून म्हणाली, “याच्याकडूनही अगदी हेच झालंय. आपण सत्तेचाळीस बोलतो धाकट्या टोकाकडून आणि लिहितो थोरल्या टोकाकडून. यंत्रांचंही तसंच असतं. हाक प्रवासात असते तेव्हा पत्ता थोरल्या टोकापासून येतो. पाटीतली चिप मात्र धाकटं टोक आधी धरते. म्हणून छापण्याआधी क्रम सरळ करून घ्यायचा. हा गडी ते विसरला.”

“मग काय छापलं जातं?”

“चारही आकडे असतात, पण शेवटचा आधी आणि पहिला शेवटी.”

उर्मीची पेन्सिल थांबली. लहानपणी जत्रेला जाताना आई तिच्याकडून आपल्या यंत्राचा पत्ता घोकून घ्यायची. हरवलीस तर कुठल्याही पाटीवर हा टाक, मी जिथे असेन तिथून येईन, म्हणायची. तो तिला झोपेतही पाठ होता.

“दहा, बावन्न, तीन, सत्तेचाळीस,” उर्मी हळूच म्हणाली. मग बोटांवर उलटे मोजत गेली. “सत्तेचाळीस... तीन... बावन्न...”

“दहा,” मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

“मावशी, तो फ्रिज नव्हता.”

“नाही गं, राणी.”

“आई रोज हाक मारत होती. आणि आपण हसत होतो.”

मावशीने तिला जवळ ओढले. मग एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने तिने त्या दुरुस्तीवरचा ‘किरकोळ’ शब्द खोडला आणि तिथे लिहिले, ‘या ओळीपलीकडे माणूस आहे. आत्ता, लगेच.’ त्यानंतर तिने आईच्या संस्थेत फोन लावला.

“नौका वळवू नका! तुमच्याही पाट्यांवर तो उलटा पत्ता आला असेल. टाकून दिलेल्या हाका काढा आणि कुठल्या बोयावर आल्या ते बघा... हो, हो, मी थांबते.”

उर्मी पाटीपाशी गेली. शेवटची हाक काल सकाळची होती. आज सकाळपासून पाटी काळीच होती. आई दमली असेल? की इकडून कुणीच ओ देत नाही म्हणून रुसली असेल?

मागे मावशी फोनवर बोयांचे आकडे लिहून घेत होती. उर्मीने स्टूल ओढले, त्यावर चढून बोटाने पाटीवर चार आकडे सरळ क्रमाने काढले आणि खाली लिहिले :

‘आई, आम्हाला वाटलं तू फ्रिज आहेस. आता ओळखलं. पुन्हा एकदा हाक मारशील?’