काजव्याच्या दारामागचा आवाज

"उडी मार, उडी! भोपळ्या, समोर दरी दिसत नाही का?" चश्मिस ओरडली.

"दिसली गं! पण बोटांना कळवेपर्यंत उशीर झाला!"

भोपळ्या पुन्हा हरला. सुट्टी नुकतीच लागली होती आणि तिघं जुन्या गेम कन्सोलसमोर पालथी पडली होती. मुंगी, तिचा धाकटा भाऊ भोपळ्या आणि शेजारची चश्मिस. चश्मिसने आज खास माल आणला होता. चक्क एक रद्द झालेला खेळ! नाव 'काजवा'. कंपनीने तो कधीच गुंडाळून टाकला होता. पण त्याचा एक तुकडा काही हौशी लोकांना मिळाला आणि त्यांनी तो दुसऱ्या खेळात जोडून मॉड, म्हणजे घरगुती जोडखेळ, बनवला.

मुंगी नुसती बघत होती. बाबा गेल्यापासून तिला काही वाटतच नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि गाल बधिर होतो, तशी ती सगळीच्या सगळी बधिर झाली होती. पाहुणे म्हणायचे, "किती समजूतदार पोर!" समजूतदार कसली डोंबलाची! रडूच येत नव्हतं तिला.

तेवढ्यात पडद्यावरचं दार उघडलं. "कर्रर्र... खट्!"

"हा कसला आवाज? कुणीतरी तोंडानेच काढलाय!" चश्मिस खो-खो हसली.

मुंगी उठून बसली. "बाबांचा आहे," ती म्हणाली.

भोपळ्याचं हसू जागच्या जागी थांबलं. साधा डबा उघडला तरी बाबा अस्साच आवाज काढायचे! ते त्याच कंपनीत खेळांचे आवाज तयार करायचे. घरात सगळ्यांचे आवाज त्यांनी टिपले होते, पण रेकॉर्डिंग सुरू झालं की स्वतः ओठांवर बोट ठेवून उभे. त्यामुळे त्यांचा एक शब्दही मागे उरला नव्हता.

"खेळ बनवताना आधी कच्चे आवाज टाकतात," चश्मिस म्हणाली. "खरे आले की हे पुसायचे. पण खेळ रद्द झाला, मग पुसणार कोण? कंपनीत चाचणीसाठी बनवलेल्या डिस्क असतात, त्यांवर आणखी असतील!"

दुसऱ्या दिवशी तिघं कंपनीत थडकली. डोक्यावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधणारे मॅनेजरकाका म्हणाले, "काजवा? छे! त्याच्या सगळ्या डिस्क नष्ट करायला मी स्वतः सांगितलंय. रद्द म्हणजे रद्द! एखादी सापडली तर आत्ता मोडून टाकीन."

त्यांच्या पाठीमागे उघड्या खिडकीत कबुतरं पळवायला दोऱ्यांनी डिस्क टांगल्या होत्या. एक गर्रकन फिरली. तिच्यावर निळ्या शाईत, बाबांच्या तिरक्या अक्षरात, 'काजवा' लिहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

भोपळ्याने तोंड उघडलं मात्र, मुंगीने त्याच्या पायावर पाय दिला.

"काका, कबुतरं फार त्रास देतात का हो?"

"विचारू नकोस! नाकी नऊ आणलेत!"

"डिस्क मळल्यात ना. चकाकल्या नाहीत तर ती घाबरतील कशी? आम्ही नव्या लावून देतो. हा कचराही आम्हीच नेतो."

"वा, शाबास! अशी मुलं हवीत!" काका खूश होऊन म्हणाले. चश्मिसने पळत जाऊन आत्याच्या लग्नाच्या बिघडलेल्या डिस्क आणल्या. त्या लावल्या आणि कबुतरं खरंच उडाली!

घरी आल्यावर मात्र सगळ्यांचे चेहरे पडले. उन्हाने डिस्कची वाट लागली होती. ही चालेना, ती चालेना, निळ्या अक्षरांचीही चालेना. शेवटची एक खिडकीतल्या पाइपाआड सावलीत टांगलेली होती. कन्सोल बराच वेळ घरघरला आणि पडद्यावर 'काजवा' उमटलं!

मुंगीने रिमोट हातात घेतला. तिने बटण दाबायला उशीर केला आणि खेळातली मुलगी पहिल्याच दरीत कोसळली.

"पडलीस?" बाबा म्हणाले. "काही नाही झालं. ऊठ, चल!"

मुंगीने तिला पुन्हा दरीत ढकललं.

"पडलीस? काही नाही झालं. ऊठ, चल!"

गालाची बधिरता उतरताना आधी दुखायला लागतं. तसंच झालं, आणि मुंगी हमसून हमसून रडली. भोपळ्या तिला खेटून बसला. आज त्याने एकदाही "आता माझी पाळी" म्हटलं नाही.

आई दारात येऊन कधी उभी राहिली ते कळलंच नाही. पीठ लागलेले हात तिने पुसलेही नव्हते. चश्मिसने तिला सगळं सांगितलं, अगदी कबुतरांसकट.

"शाबास रे माझ्या पोरांनो!" आई म्हणाली. या खेळांना तिने कधी हात लावला नव्हता. आज ती मुंगीशेजारी बसली आणि तिने रिमोट मागून घेतला.

"आई, इकडून उडी मार, म्हणजे वाचशील," भोपळ्या म्हणाला.

"वाचायचं नाहीये मला," आई म्हणाली. "पडायचं कसं, तेवढं दाखव."