काळ्या डॅमसेलचा खड्डा

मंगळवारी सकाळी लातूरच्या वकील रेणुकादासांच्या घरी, खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीच्या तळाशी, काळा डॅमसेल मासा मेलेला आढळला. सहा वर्षांत त्याने अकरा मासे मारले होते. आता त्याच्याच शेपटीचे लचके तुटले होते, आणि टाकीत उरलेले चारही निळे मासे त्याच्या निम्म्याहून लहान होते.

बुधवारी सौदामिनीबाई नांदेडहून लातूरला आल्या. पूर्वी त्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत. आता खासगी तपास करीत. सोबत सुदर्शन होता, एसटीतून निवृत्त झालेला कंधारचा कंडक्टर. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. अर्थ लागेपर्यंत मात्र पुढचा थांबा येई.

"विषच आहे," वकील रेणुकादास म्हणाले. डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते मुलाला घेऊन दोन आठवडे हैदराबादला होते आणि सोमवारी रात्री परतले होते. "केवळाबाईनं काचेला फिनेलचं फडकं लावलं. आज संध्याकाळपर्यंत तिनं मागची खोली सोडायची आहे. पण मी वकील माणूस. मला पुरावा लागतो."

दाराशी घरकाम करणाऱ्या केवळाबाई बोचकं घेऊन उभ्या होत्या. त्या खोलीत त्यांची एकतीस वर्षे गेली होती. तिच्याबाहेर त्यांचे कोणी नव्हते.

"टाकीचा जुना फोटो आहे?" सौदामिनीबाईंनी विचारले.

रेणुकादासांनी मोबाइल पुढे केला. फोटो निघायच्या दिवशीचा होता: दगडाच्या कपारीत काळा मासा, समोर वाळूत पांढरास्वच्छ खड्डा.

"ते त्याचं अंगण. रोज शेपटीनं झाडायचा." रेणुकादासांच्या आवाजात अभिमान होता. "पाहुणे आले की मी नवा मासा सोडायचो. अर्ध्या तासात निकाल! सूनबाई लग्न होऊन आली त्या दिवशीही सोडला होता. घर कोणाचं, ते नव्या माणसाला कळलेलं बरं."

सुदर्शनने टाकीत वाकून पाहिले. दगड फोटोतल्यासारखेच होते. वाळूवर सगळीकडे सारखाच तपकिरी थर होता, थेट कपारीच्या तोंडापर्यंत. कपारीतून निळे मासे निवांत ये-जा करीत होते.

केवळाबाईंना आधी बोलावले.

"फिनेल वापरलं?"

"काचेला भाईरून पुसते, बाई. आत हात घालायची मुभाच न्हाई मला. खाणं मनस्विनी वहिनी टाकतात, सायबांच्या सूनबाई."

"या दोन हप्त्यांत घरात वेगळं काही?"

"काय वेगळं? आठव्या दिवशी नळ आला, म्या हौद भरला. वरचं न्हाणीघर तेवढं कुलपात होतं. नळ गळून राहिला म्हणल्या वहिनी."

दुकानदार शिवशंकर दर सोमवारी टाकीचे पाणी बदलायला येई.

"साहेबांशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे?"

"जाळीवरून. नवा मासा आधी चार दिवस जाळीआड ठेवायचा, म्हणजे जुना त्याला मारत नाही. साहेब म्हणायचे, मग मजा काय? लई जीव वाया गेले, मॅडम."

"आणि हे चार चिल्लर त्याला भारी पडले?"

"आकारावर नसतं ते. ज्याची जागा, त्याचा जोर."

"शेवटचे कधी आलात?"

"साहेब गेले त्या सोमवारी. पुढचे दोन सोमवार येऊ नका म्हणून वहिनींचा फोन आला. नळाची पाळी लांबली, पाणी नाही म्हणे."

सुदर्शन हात धुवायला वरच्या न्हाणीघरात गेला आणि तळहात झटकत परतला. "टबला वीतभर उंचीवर पांढरी रेघ हाय. बोअरचा क्षार, दुसरं काय? ओला हात लावला तर निघून आली. नळ मात्र ठणठणीत हाय, थेंब गळत न्हाई."

"काय म्हणालात? ओल्या हाताने निघाली?"

"हाव की."

शेवटी सून मनस्विनी आली. इस्त्रीची साडी, शांत चेहरा.

"मासा कधीपासून दिसेनासा झाला?"

"दिसेनासा कशाला होईल? सोमवारपर्यंत कपारीतच होता."

सौदामिनीबाईंनी सर्वांना टाकीसमोर बोलावले.

"विष असतं तर पाचही मासे मेले असते. शिवाय विष लचके तोडत नाही. दगड जागचे हललेले नाहीत. म्हणजे माशांनी वाटून घेतलेल्या हद्दी मोडल्या नव्हत्या. आता वाळू पाहा. तो रोज खड्डा झाडायचा. सोमवारपर्यंत तो कपारीत असता, तर खड्डा आजही पांढरा दिसला असता. हा थर एका दिवसात चढत नाही. तो बरेच दिवस टाकीत नव्हता."

"मग कुठं व्हता?" सुदर्शनने विचारले.

"तुम्हीच पुसलात ते. बोअरचा क्षार नुसत्या पाण्याने सुटत नाही, घासून हात दुखतात. पाण्याने विरघळतं ते मीठ. मासा वरच्या टबात होता. म्हणून न्हाणीघराला कुलूप, न गळणाऱ्या नळाची सबब. नळाला पाणी वेळेवर आलं होतं, तरी शिवशंकरला नको म्हणून कळवलं. त्याला मासा नाही हे पहिल्या नजरेत कळलं असतं. कुलूप, फोन आणि खाणं, तिन्ही एकाच हातात होती."

मनस्विनीने सासऱ्यांकडे पाहत मान डोलावली. "दांडग्या माशाला काही दिवस बाहेर काढायचं, हे अण्णांच्याच माशांच्या पुस्तकात आहे. परत आला की तो नवा असतो."

"परत सोडताना जाळी लावायची, हेही त्यात असेल."

"अण्णांनी कधी लावली?"

"तू बघत बसलीस?" रेणुकादासांचा आवाज चिरकला.

"चाळीस मिनिटं. तुमच्या अर्ध्या तासापेक्षा थोडी जास्त लागली."

"केवळाबाईंचं छप्पर जाणार होतं," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"माहीत होतं. मी आले त्या दिवशी तमाशा बघायला माझी खुर्ची त्यांनीच मांडली होती."

"मला मांडायला लावली होती की, वहिनी," केवळाबाई म्हणाल्या. मनस्विनीने त्यांच्याकडे पाहिले नाही.

मग रेणुकादास भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "केवळा, बोचकं सोड."

सौदामिनीबाईंनी अहवाल तिथेच लिहिला. मृत्यूचे कारण: विष नाही, रोग नाही. मनस्विनीच्या सांगण्यानुसार मासा तेरा दिवस टाकीबाहेर होता. तेवढ्या काळात त्याची जागा उरलेल्या चौघांची झाली. सोमवारी दुपारी तो जाळीविना परत सोडला गेला आणि चौघांनी त्याला परका म्हणून मारले.